दर उन्हाळ्यात गाडीच्या एसीत गॅस भरावा लागतोय? आधी हे बघून घ्या

मार्च संपता संपता मुंबईत एक ठरलेला प्रकार सुरू होतो. दुपारची गाडी काढली, ब्लोअर चारवर टाकला, सायन सर्कल येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला की माणूस सरळ एसीवाल्याकडे. तो बॉनेट उघडतो, पाइपला हात लावतो आणि म्हणतो, साहेब गॅस कमी झालाय. वीस मिनिटांत गॅस मारून मोकळा, कुलिंग एकदम मस्त, आणि पुढच्या एप्रिलला परत तेच. बऱ्याच लोकांनी तर हा खर्च धरूनच टाकलाय, इन्शुरन्स, पीयूसी आणि एसीचा गॅस.

तर पहिली गोष्ट, एसीचा गॅस वापरून संपत नाही. तो एका बंद सर्किटमध्ये फिरत राहतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून लिक्विड होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये जातो, तिथे आतल्या हवेची उष्णता घेऊन पुन्हा गॅस होतो आणि परत कॉम्प्रेसरकडे. घरातल्या फ्रीजमध्ये दर उन्हाळ्याला गॅस भरतं का कोणी? अर्थात गाडीचं थोडं वेगळं आहे हे मान्य. फ्रीजचा कॉम्प्रेसर डब्यात सीलबंद असतो. गाडीत तो बेल्टवर फिरतो म्हणून त्याचा शाफ्ट बाहेर येतो आणि तिथे सील लागतं, इंजिन हलतं म्हणून काही पाइप रबराचे असतात, जोडांना ओ-रिंग असतात, आणि या सगळ्यातून अगदी चिमूटभर गॅस वर्षानुवर्षं जातच असतो. त्यामुळे चार-पाच वर्षांनी एकदा भरायची वेळ आली तर समजू शकतो. दर वर्षी येत असेल तर लीक आहे, नाहीतर मग प्रॉब्लेम गॅसचा नाहीच आहे.

आणि हे "गॅसचा नाहीच" प्रकरण लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा निघतं. गंमत बघा, गॅस मारताना गॅरेजमधला पोरगा बहुतेक वेळा पाइप घेऊन कंडेन्सरवर पाणी पण मारतो, मागची धूळ-चिखल निघून जातो, आणि तुम्हाला वाटतं गॅसने काम झालं. निम्म्या गाड्यांचा फरक त्या पाण्यानेच पडलेला असतो असं माझं मत आहे.

म्हणून एसीवाल्याकडे जायच्या आधी एवढंच नीट बघा की कुलिंग नेमकं कधी जातं. "एसी गार करत नाही" एवढं सांगितलंत की उत्तर गॅसच येणार.

चालताना गार, सिग्नलला गरम. मुंबईतला नंबर एक. ईस्टर्न फ्रीवे नाहीतर अटल सेतूवर थंडी वाजते आणि खाली उतरून ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं अडकलो की ब्लोअरमधून कोमट हवा. इथे गॅस बहुधा ठीक असतो. गाडी पळत असताना समोरची हवा कंडेन्सरमधून आपोआप जाते, उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. पंखा फिरत नसेल, हळू फिरत असेल, किंवा कंडेन्सरच्या पात्यांमध्ये धूळ, किडे, सिमेंटची पूड बसली असेल (आणि सध्या मुंबईत कुठे खोदकाम चालू नाही ते सांगा) तर उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर चढतं, आणि जास्तच चढलं तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकतो. चेक करायला दोन मिनिटं लागतात, एसी चालू करा, बॉनेट उघडा, पंखा जोरात सुरू होतो का बघा, आतून हात घालू नका. काही गाड्यांना दोन स्पीड असतात आणि रेझिस्टर जळला की एक स्पीड जातो, पंखा फिरताना दिसतो म्हणून कोणाला संशय येत नाही. कंडेन्सर धुवायचा तर साध्या पाइपच्या पाण्याने, जमलं तर आतून बाहेरच्या दिशेने. वॉशिंग सेंटरची प्रेशरची गन जवळून मारली की ती पातळ पाती दुमडतात आणि मग हवा जायला जागाच राहत नाही. हे सगळं नीट असेल आणि तरी सिग्नलला गरम होत असेल तर मग कॉम्प्रेसर थकलाय का, गॅस कमी आहे का ते बघायचं.

सुरुवातीला बर्फ, अर्ध्या तासाने हवाच येत नाही. ब्लोअरचा आवाज येतोय पण हवा नाही, आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत सगळं छान. हा कॉइलवर बर्फ धरण्याचा प्रकार. आपल्याकडच्या दमट हवेत कॉइलवर पाणी भरपूर जमतं, त्यात केबिन फिल्टर चोंदलेला असेल तर हवा कमी, कॉइल शून्याखाली, पाण्याचा बर्फ, आणि बर्फातून हवा जाणार कुठून. कधी कॉइलचं तापमान बघणारा छोटा सेन्सर बिघडलेला असतो, तो कॉम्प्रेसरला थांबवतच नाही. पहिलं काम, फिल्टर काढून उजेडात धरा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, स्क्रू-ड्रायव्हर पण लागत नाही. काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटला कंपनी फिल्टरच देत नाही, नुसती रिकामी जागा असते, तेव्हा धूळ थेट कॉइलवर बसते. तसं असेल तर फिल्टर विकत आणून बसवून टाका.

याचाच जुळा भाऊ म्हणजे हवा पूर्ण जोरात येते पण मधूनच गरम होते आणि पुन्हा गार. सिस्टिममध्ये ओलावा गेला असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात तो गोठतो, गॅस अडतो, वितळला की सुटतो. ओलावा जातो कसा? व्हॅक्यूम न मारता, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा आधी खेचून न काढता, वरच्या वर गॅस भरल्याने. म्हणजे दर वर्षीच्या "टॉप-अप"चीच ही देणगी.

एका बाजूला गार, एका बाजूला कोमट. क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत हे बऱ्याचदा डॅशबोर्डच्या आत गरम-गार हवा मिसळणाऱ्या फ्लॅपच्या मोटरचं काम असतं. डॅशबोर्डातून टकटक आवाज येत असेल तर जवळपास नक्कीच. गॅस कमी असतानाही कधी कधी असं होतं, पण तेव्हा एकूणच गारवा कमी असतो.

पहिली दोन मिनिटं ओल्या मोज्यासारखा वास. जून ते सप्टेंबर घरोघरी. याचा गॅसशी काडीचा संबंध नाही. ओल्या कॉइलवर बुरशी येते, आणि डॅशबोर्डवर लिंबाचं परफ्युम लावलं की लिंबू आणि बुरशी दोन्हीचा वास येतो. उपाय आहे आणि फुकट आहे, घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू राहू द्या, बाहेरची हवा आत घ्या. कॉइल सुकतं. वास आधीच मुरलेला असेल तर कॉइल क्लीनरचा फोम मारून घ्यावा लागेल, आणि फिल्टर बदलायचा, धुवायचा नाही, कागदाचा असतो तो.

बाजूच्या सीटच्या पायाशी पाणी. कॉइलचं पाणी खाली सोडणारी बारीक नळी तुंबलीय. गाडी बदामाच्या नाहीतर गुलमोहराच्या झाडाखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीतला कचरा आधी काढा. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकणं ही चांगली गोष्ट आहे, मुंबईत तर चांगलंच ठिबकलं पाहिजे, ते थांबलं तर काळजी करा.

आता हे सगळं बघितलं आणि खरंच गारवा सगळीकडे, सगळ्या वेळी कमी कमी होत गेलाय, तर मग गॅस. इथे जरा वेळ घालवतो कारण पैसे इथेच जातात.

नुसतं गेज लावून "गॅस कमी आहे" सांगणं अर्धवट असतं. इंजिन बंद असताना दिसणारं प्रेशर फक्त बाहेरच्या तापमानावर ठरतं. आर-१३४ए गॅस असेल आणि हवा ३० अंश असेल तर साधारण ९५ पीएसआय दिसणार, सिस्टिममध्ये लिक्विड भरपूर असो की थोडंसं. चालू असताना लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारा गॅस) आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून दाबून निघालेला गॅस) दोन्ही काटे एकत्र बघावे लागतात. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता. दोन्ही चढलेले असतील तर पंखा, घाण कंडेन्सर नाहीतर गॅस जास्त. लो चढलेला आणि हाय पडलेला म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये दम राहिला नाही. लो अगदी खाली, शून्याच्या आसपास, म्हणजे कुठेतरी अडकलंय. एसीवाला एकच काटा बघून बोलत असेल तर नमस्कार करून निघा.

आणि गॅस गेजचा काटा बघून भरायचा नसतो, वजनाने भरायचा असतो. बॉनेटखाली पुढच्या पट्टीवर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. छोट्या हॅचबॅकमध्ये एकूण गॅस चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असतो, घरच्या साखरेच्या पुडीपेक्षा कमी, म्हणून शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक जाणवतो. जास्त भरला तर जास्त गार होत नाही, उलट प्रेशर चढतं, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरचा जीव जातो. बरोबर पद्धत म्हणजे आत उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, लीक शोधून दुरुस्त करायचं, निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा, व्हॅक्यूम टिकतोय का बघायचं, मग ऑइल आणि मोजून गॅस. वीस मिनिटांत यातलं काय काय होऊ शकतं तुम्हीच ठरवा. उरलेला गॅस हवेत फुस्स करून सोडणारे पण खूप आहेत. आर-१३४ए ओझोनला काही करत नाही पण पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त खराब आहे, म्हणून २०१६ च्या किगाली करारात या जातीचे गॅस हळूहळू कमी करायचं जगभर ठरलं.

लीक शोधायचं तर आधी डोळ्याने. गॅसबरोबर ऑइल पण फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. पाइपचे जोड, कॉम्प्रेसरच्या पुढचा भाग जिथे त्याला बेल्टशी जोडणारा क्लच असतो, कंडेन्सरच्या कडा बघा. आणि ज्या व्हॉल्व्हमधून गॅस भरतात त्यांच्या प्लॅस्टिकच्या टोप्या. दर वेळी भरणारा माणूस टोपी काढतो आणि ती हरवते, आतली पिन ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखीच असते, तिच्यात कचरा गेला की हळूहळू गॅस सुटतो. साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर शंभर-दोनशेच्या पार्टमध्ये तुमचं वार्षिक व्रत सुटलं. पुढे मग यूव्ही डाय (गॅसबरोबर सोडायचा, यूव्ही दिव्यात चमकणारा रंग), नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, सेन्सरने वास घेणारं मशीन. डबीतून मिळणारं लीक बंद करायचं औषध मात्र टाकू देऊ नका, ते भोक बुजवतं तसं व्हॉल्व्ह पण बुजवतं आणि चांगल्या वर्कशॉपवाले मग आपलं मशीन अशा गाडीला लावायला तयार होत नाहीत.

वरळी, बँडस्टँड, वर्सोवा अशा अगदी समुद्राला लागून उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये कंडेन्सर जरा लवकर गंजतो, अॅल्युमिनियम आणि खारी हवा. पावसाळ्यानंतर आणि समुद्रावरून आल्यावर पुढच्या जाळीतून साधं पाणी मारत राहिलं तर बराच टिकतो.

आता सवयींकडे येऊ, कारण दुरुस्ती करून परत तसंच वागलं तर परत तिथेच.

मुंबईतली टिपिकल गाडी कशी असते? सोमवार ते शुक्रवार मालक लोकलने जातो आणि गाडी सोसायटीत उभी. रविवारी अख्खं कुटुंब लोणावळ्याला, घाटात पाच माणसं आणि एसी फुल. म्हणजे आठवडाभर काही नाही आणि मग एका दिवसात सगळं. या उभ्या राहण्याने एसीचं जास्त वाटोळं होतं. कॉम्प्रेसर फिरतो तेव्हा ऑइल फिरतं आणि शाफ्टचं सील ओलं राहतं, महिना महिना उभी राहिली की सील सुकतं आणि तिथूनच गॅस निघायला लागतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावून एक चक्कर मारून या, भाजी आणायला का होईना. नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवू नका, त्यात तास दीड तासात लिटरभर पेट्रोल जळेल आणि बंद बेसमेंट पार्किंगमध्ये तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, एसी लावून बंद गाडीत झोपणाऱ्या ड्रायव्हर दादांना पण हे सांगा.

उभ्या गाडीचा दुसरा शत्रू उंदीर. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला येतात, वायरी कुरतडतात, केबिन फिल्टरमध्ये घरटं करतात. एसी अचानक पूर्ण बंद, क्लचचा टक आवाज पण नाही, तर गॅसच्या आधी फ्यूज, रिले आणि वायरिंग बघा.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या काचा बंद करून एसी फुल, ही सवय सगळ्यांना. आतली हवा पन्नासच्या वर गेलेली असते आणि बाहेर पस्तीस, मग बाहेरची फुकटची हवा सोडून आतल्या भट्टीला गार करायचं कशाला. दोन मिनिटं काचा खाली करून चला, मग काचा बंद, एसी, आणि गार झाल्यावर रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवणारं बटण. दिवसभर रिसर्क्युलेशन ठेवू नका मात्र, चार-पाच जण असले की आतला कार्बन डायऑक्साइड वाढून झोप यायला लागते, एक्स्प्रेसवेवर ते नको.

एसी चालू ठेवूनच स्टार्टर मारला तर कॉम्प्रेसर उडतो असं जुने काका सांगतात. आताच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्टार्ट होईपर्यंत क्लच लागूच देत नाही, त्यामुळे एवढं काही होत नाही. जुनी गाडी किंवा मरायला टेकलेली बॅटरी असेल तर आधी बंद करा. त्यापेक्षा वाईट सवय म्हणजे चार हजार आरपीएमवर गाडी ताणलेली असताना एसीचं बटण दाबणं, साध्या क्लचवाल्या कॉम्प्रेसरला तो झटका बसतो. सीएनजीवाल्यांना फ्लायओव्हर चढताना दम लागतो म्हणून ते एसी बंद-चालू करत राहतात, त्यांनी निदान पाय सैल करून मग बटण दाबावं.

पावसात काच आतून धुरकट झाली तर एसी चालू आणि हवा पुढच्या काचेवर, बाहेरची हवा आत. बाहेरून धुरकट झाली, जी मुंबईत जुलैमध्ये होतेच, तर उलटं, काच जास्त गार झालीय, तापमान वाढवा, हवा काचेवरून काढा आणि वायपर मारा. आणि हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या अलीकडे पाणी दिसलं तर त्यात घालूच नका, पण अडकलातच तर एसी बंद करा, पुढचा पंखा पाण्यात फिरला की पाती तुटतात आणि पाणी इंजिनवर उडतं.

नवीन गाडी असेल तर स्टिकर जास्तच नीट वाचा. काही नव्या मॉडेलमध्ये आर-१२३४वायएफ नावाचा गॅस येतो, बराच महाग असतो, आणि "आर-१३४ए टाकतो, सगळं सारखंच" म्हणणारे भेटतात. व्हॉल्व्हची मापं मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, अॅडॉप्टर लावून भरणाऱ्याला हात लावू देऊ नका. मोठ्या बॅटरीच्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिकचा कॉम्प्रेसर तर विजेवर चालतो, त्याचं ऑइल वेगळं असतं, नेहमीचं पीएजी ऑइल गेलं की इन्सुलेशनची वाट लागते. ती गाडी रस्त्यावरच्या एसीवाल्याकडे नेऊच नका.

राहता राहिलं कूलिंग कॉइलमधलं लीक, जे कोणालाच नको असतं, कारण बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि नीट बसवला नाही तर आयुष्यभर खडखड. इथे दुसरं मत घ्याच. कॉइल लीक आहे म्हणणाऱ्याला दाखवायला सांगा, व्हेंटमध्ये सेन्सर धरून किंवा ठिबकणाऱ्या पाण्यात डायचा रंग येतो का ते बघून. दाखवलं तर कॉइलबरोबर एक्सपान्शन व्हॉल्व्ह, ओलावा शोषणारा ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंग एकदाच बदला, मजुरी तीच आहे. गाडी बारा-तेरा वर्षांची असेल, वर्षाला जेमतेम शंभर ग्रॅम जात असेल आणि दोन वर्षांत विकायची असेल, तर मात्र माझ्या मते डॅशबोर्ड खोलू नका, उरलेला काढून, व्हॅक्यूम मारून, वजनाने भरून घ्या, आणि विकताना घेणाऱ्याला सांगून टाका.